‘डास चावलाय’ म्हणून सांगितलं, आता खरं कसं सांगू?

एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा असा.

मुलगी सव्वाचार वर्षांची, दिवसभर पाळणाघरात असते. पंधरा-वीस दिवसांपूर्वी सर्दीने तिचं नाक सोलवटलं आणि त्यावर मधासारखी पिवळी खपली धरली. आईला वाटलं, सर्दीचंच आहे. चार दिवसांत हनुवटीवर आणि कोपरावरही तसंच दिसायला लागलं, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ‘इम्पेटिगो’ असं नाव सांगितलं, संसर्गजन्य आहे म्हणाले, पाच दिवस लावायला मलम दिलं आणि मुलीला दोन दिवस घरी ठेवा असं बजावलं. आईला रजा मिळणार नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलगी पाळणाघरात गेली. तिथल्या ताईंनी विचारलं तेव्हा ‘डास चावलाय, तिनं खाजवलंय’ असं सांगून आई मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी खपल्या पडल्या, मलमही बंद झालं. पुढच्या आठवड्यात मुलीच्या गुडघ्यावर नवे फोड आले आणि पाळणाघरातल्या एका मुलाच्या तोंडाजवळ तशाच खपल्या दिसल्या. त्या मुलाची आई आता सगळ्यांकडे चौकशी करते आहे.

घरात जाऊबाईंचं दोन महिन्यांचं बाळ आहे. मुलीने बाळाजवळ यायचं नाही, असं त्यांनी सांगून टाकलंय. सासूबाई म्हणतात, आमच्या घरात असलं कधी कुणाला झालं नाही. आई रोज दोनदा पाण्यात जंतुनाशक टाकून मुलीला घासून अंघोळ घालते आहे. तिचे प्रश्न: मी स्वच्छतेत कुठे कमी पडतेय? पाळणाघरात खरं सांगू, की आता सांगून काही उपयोग नाही? आणि जाऊबाईंच्या वागण्याचं काय करू?

---

प्रिय मैत्रिणी,

बाकीचं सगळं नंतर. आधी ते घासणं थांबवा. आजच्या अंघोळीपासूनच.

तुम्ही जिवाच्या आकांताने मुलीला स्वच्छ ठेवताय आणि नेमकं त्यानेच या आजाराला वाट मिळते आहे. हा आजार जिवाणूंचा. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, काही वेळा स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस, तर कधी दोघं मिळून. यातला पहिला आपल्या अगदी शेजारचा. साधारण दर तीन माणसांतल्या एकाच्या नाकात तो काहीही त्रास न देता राहत असतो. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घडासारखा दिसतो, म्हणून अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकात ग्रीक भाषेतल्या ‘घड’ या शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. धडधाकट कातडीतून त्याला सहसा आत शिरता येत नाही. त्याला फट लागते. सर्दीने सोलवटलेलं नाक, खाजवलेला डास, खरचटलेला गुडघा, इसबाने कोरडी पडलेली त्वचा. आणि जंतुनाशकाच्या पाण्याने दिवसातून दोनदा घासलेली कातडी हीसुद्धा फटच की.

म्हणजे पहिल्या वेळी दार सर्दीने उघडलं. चार वर्षांचं मूल नाकात बोट घालतं, तेच बोट कोपरावर खाजवतं, बी पेरत जावं तसं. दुसऱ्या वेळी गुडघ्यावर काय झालं ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण अर्धवट सोडलेलं मलम आणि रोजचं घासणं या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या होत्या, एवढं लक्षात घ्या.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो तुम्ही पहिला विचारलात. ‘मी स्वच्छतेत कुठे कमी पडतेय?’ मी हा प्रश्न दोन-तीनदा वाचला. त्यात एक गोष्ट तुम्ही गृहीतच धरली आहे, की मुलाला असं काही झालं म्हणजे घरात काहीतरी घाण आहे आणि ती आईला दिसली नाही. सासूबाईंच्या त्या एका वाक्याने तुमचा हा समज पक्का केला. त्या कदाचित खरंच सांगत असतील. पण त्यांच्या मुलांच्या नाकाखाली कधी खपली धरलीच नसेल असं नाही. तेव्हा तिला कुणी नाव दिलं नसेल आणि दोन-तीन आठवड्यांत ती आपोआप गेलीही असेल, कारण पुष्कळदा ती जाते. मराठीत या आजाराला सगळीकडे चालेल असं एक नावसुद्धा नाही. कुणी पुळ्या म्हणतं, कुणी खरूज म्हणून मोकळं होतं. नाव नसलेला आजार कुणाच्या घरी झालेला असतो?

२०१५ साली संशोधकांनी जगभरच्या पाहण्या एकत्र करून एक अंदाज मांडला. कुठल्याही एका वेळी १६ कोटींहून जास्त मुलांच्या अंगावर हा आजार असतो. सोळा कोटी आया आपापल्या घरी कमी पडताहेत असं मला तरी म्हणवत नाही.

पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून ‘स्वच्छतेचा काहीच संबंध नाही’ असंही मी म्हणणार नाही. संबंध आहे, फक्त तो तुम्ही शोधताय तिथे नाही. उष्ण आणि दमट हवा, दाटीवाटीने राहणं, एका टॉवेलला चौघांनी तोंड पुसणं आणि हात न धुणं, या गोष्टींनी हा आजार पसरतो. कराचीतल्या वस्त्यांमध्ये घराघरांत साबण देऊन हात धुण्याची सवय लावण्याचा एक मोठा अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. साबण मिळालेल्या घरांतल्या मुलांमध्ये इम्पेटिगोचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळलं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की काही घरांना जंतुनाशक साबण दिला होता आणि काहींना साधा, आणि जंतुनाशक साबणाने साध्या साबणापेक्षा जास्त काही साधलं नाही. तुमच्या बादलीतल्या त्या वासाच्या द्रवाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे. हात धुवा, तिचे आणि तुमचे. अंग घासू नका.

आता मलमाचं. खपली पडली म्हणून मलम थांबवणं ही चूक इतकी जण करतात, की त्याबद्दल तुम्हाला रागावण्यात अर्थ नाही. खपली पडली म्हणजे जिवाणू गेले असं नसतं. वरचं छप्पर उडालं, भाडेकरू आतच असतात. थोड्या जागी असलेल्या इम्पेटिगोला लावायची जी प्रतिजैविक मलमं आहेत, म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिड वगैरे, ती साधारण पाच दिवस लावायची असतात. डॉक्टरांनी पाच सांगितले तर पाच, सात सांगितले तर सात. जागा कोरडी आणि शहाण्यासारखी दिसायला लागली तरीही. आता मात्र उरलेलं मलम तुम्ही आपणहून पुन्हा सुरू करू नका. नवीन फोड आलेत, तेव्हा डॉक्टरांना एकदा दाखवा आणि ‘तिसऱ्या दिवशी बंद केलं होतं’ हेही सांगा. ते सांगितलं नाही तर मलम लागू पडलं नाही असा त्यांचा समज होईल आणि विनाकारण औषध बदललं जाईल. फोड बरेच असतील, भराभर वाढत असतील किंवा अंगात ताप असेल, तर ते पोटात घ्यायचं प्रतिजैविक देतील. मलम पुरतं लावूनही फोड येतच राहिले, तर फोडातला स्राव तपासायला पाठवतील, म्हणजे कुठल्या औषधाला जिवाणू दाद देतोय ते कळेल. घरात कुणाचं तरी उरलेलं प्रतिजैविक असतंच. ते देऊ नका.

मलम लावायची रीत डॉक्टर घाईत सांगतात, म्हणून सविस्तर लिहिते. आधी आपले हात धुवा. कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ स्वच्छ कापड खपलीवर दोन-चार मिनिटं नुसतं धरून ठेवा. खपली भिजून सुटली तर हलक्या हाताने टिपून घ्या. नाही सुटली तर राहू दे, नखाने उचकटायची नाही. जागा कोरडी टिपा, मलमाचा पातळ थर द्या, पुन्हा हात धुवा. गुडघ्यासारखी जागा असेल तर वर सैलसर जाळीचं कापड किंवा पट्टी लावा, म्हणजे तिचं बोट तिथं जाणार नाही. चेहऱ्यावर पट्टी टिकत नाही, तिथे नादाला लागू नका. ते कापड धुवायला टाका, दुसऱ्या वेळी तेच नको. आणि नखं! सगळ्या औषधांच्या आधी नखं कापा. मुलगी झोपली की काम पाच मिनिटांचं.

एक धोका वेगळा सांगते, कारण तो घरोघरी आहे. फडताळात एखादी जुनी ट्यूब पडलेली असते, ‘सगळ्या खाजेवर चालते’ अशी ख्याती असलेली. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते लावलं की लाली ओसरते, दोन दिवस छान वाटतं आणि खाली जंतूंना मोकळं रान मिळतं. नायटा असो, इम्पेटिगो असो, ती ट्यूब लावू नका.

आणखी एक शंका मनात ठेवा. नुसती ठेवा, घाबरू नका. एवढं करूनही आजार परत परत येत राहिला, तर त्याच्या खाली दुसरं काही खाजवतंय का ते बघायला हवं. रात्री खाज वाढते का? बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर बारीक पुरळ आहे का? घरात आणखी कुणी खाजवतंय का? तसं असेल तर खरूज असू शकते. मग इम्पेटिगोवर कितीही मलम लावा, खाज चालू आहे तोवर नवी फट पडतच राहणार. फिजी बेटांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सगळ्या गावाला खरजेवरचं आयव्हरमेक्टिन दिलं, तर खरूज ९४ टक्क्यांनी घटलीच, शिवाय इम्पेटिगोसुद्धा ६७ टक्क्यांनी उतरला. इम्पेटिगोवर म्हणून वेगळं काहीच दिलं नव्हतं. डोक्यात फोड येत असतील तर आधी उवा बघा. इसब असेल तर ते आटोक्यात आणा.

आता जाऊबाई.

तुमच्या पत्रातला हा भाग वाचताना मी तुमच्या बाजूने होते. ‘दोन महिन्यांचं बाळ’ हे शब्द आले आणि मी थांबले. मैत्रिणी, या एका बाबतीत जाऊबाई बरोबर आहेत. हाच स्टॅफिलोकॉकस कधीकधी असं विष तयार करतो, ज्याने कातडीचे वरचे थर एकमेकांना धरून ठेवणारा दुवाच तुटतो. ते विष त्या जागेपुरतंच राहिलं तर तिथे पाण्याने भरलेले मोठे फोड येतात. तान्ह्या बाळात ते विष रक्तातून अंगभर पसरलं तर भाजल्यासारखी कातडी सुटू लागते. असं क्वचितच होतं, पण झालं तर बाळाला रुग्णालयात ठेवावं लागतं. तेव्हा ज्या बाईने आपल्या बाळाला लांब ठेवलं, ती तुमच्या मुलीचा अपमान करत होती असं लगेच धरून चालू नका. तिने कुठल्या शब्दांत सांगितलं ते मला माहीत नाही. शब्द बोचरे असतीलही. पण गोष्ट चुकीची नव्हती.

चुकीचं असेल ते पुढचं: हे किती दिवस. योग्य औषध सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ४८ तासांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता बरीच खाली येते. जागा कोरड्या झाल्या, नवीन फोड येत नाहीत, की मूल पुन्हा माणसांत. शाळा-पाळणाघरांचा नियम कुठे चोवीस तासांचा असतो, कुठे अठ्ठेचाळीस. बाळासाठी मी अठ्ठेचाळीस धरीन आणि वर फोड झाकलेले असावेत असं म्हणेन. पंधरा दिवसांचा बहिष्कार कुणी सांगितलेला नाही. मात्र तुम्ही मलम मध्येच सोडलंत आणि नवीन फोड आलेत, म्हणून तुमचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलंय. हे जाऊबाईंना तुम्हीच जाऊन सांगा. ‘तुम्ही लांब ठेवलंत ते बरोबर होतं. आज नवीन औषध सुरू केलंय. परवा संध्याकाळपर्यंत आपण असंच ठेवू, मग डॉक्टरांना विचारून तिला बाळाजवळ येऊ दे.’ त्यांना एक ठरलेला दिवस मिळाला, की भीतीला तेवढी हद्द पडते. बाळाच्या अंगावर फोड आला, ते किरकिर करायला लागलं किंवा ताप आला, तर त्यांनी वाट न बघता लगेच दाखवायचं, हेही त्याच बोलण्यात येऊ द्या.

घरातल्या बाकीच्यांना फार काही करायचं नाही. मुलीचा टॉवेल, पंचा, उशीचा अभ्रा वेगळा, तो रोज बदलायचा आणि गरम पाण्यात धुवायचा. नाक पुसायला रुमाल नको, फेकून देता येईल असा कागदी चालेल. लागण झाल्यापासून फोड दिसेपर्यंत साधारण दहा दिवस जाऊ शकतात, तेवढे दिवस इतरांनी आपापल्या अंगाकडे लक्ष ठेवायचं. भांडी वेगळी मांडणं, खेळणी फेकून देणं, यातलं काही नको. खेळणी धुतली की झालं.

आणि पाळणाघर. इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

‘आता सांगून काही उपयोग नाही’ असं तुम्ही लिहिलंत. मी उलट म्हणेन की उपयोग आजच आहे, पुढच्या आठवड्यात तो कमी झालेला असेल. तुम्ही हा प्रश्न कबुलीजबाबासारखा मांडताय. मुलांना त्याची गरज नाही, त्यांना माहिती हवी आहे. त्या दुसऱ्या मुलाच्या आईला आपल्या मुलाला काय झालंय ते अजून कळलेलं नसेल. ओठांजवळच्या खपलीला लोक तापाचा फोड समजतात, नायटा समजतात, कांजिण्यांची सुरुवात समजतात, आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा. ‘माझ्या मुलीला डॉक्टरांनी इम्पेटिगो सांगितलंय’ हे एक वाक्य तिचे चार दिवस आणि एक चुकीची ट्यूब वाचवू शकतं.

तुमच्या मनात आणखी एक गोष्ट पक्की बसलेली दिसते, की त्या मुलाला तुमच्या मुलीकडूनच लागलं. असेलही. दिवसांचा हिशेब जुळतो. पण तुमच्या मुलीलाही ते कुठून तरी आलंच होतं ना? कदाचित तिथूनच, ज्याच्या अंगावर एकच बारीक फोड होता आणि कुणाच्या लक्षात आला नाही अशा तिसऱ्या मुलाकडून. किंवा तिच्या स्वतःच्या नाकातून. कुणी कुणाला दिलं हे शोधून काढण्याचा मार्ग कुठल्याच डॉक्टरकडे सहजी नसतो आणि शोधून औषध बदलत नाही. म्हणून ‘माझ्यामुळे झालं’ असं म्हणू नका. जे तुम्हाला नक्की माहीत आहे तेवढंच म्हणा.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत असं मला दिसतं. गप्प राहायचं, ही पहिली. तिने आजचा दिवस सोपा जाईल, पण नवीन फोड असलेली मुलगी तुम्ही पुन्हा ‘डास’ म्हणून पाठवणार का? दुसरी, त्या आईला थेट गाठून सांगणं. तुमची तिच्याशी मैत्री असेल तर ठीक, नसेल तर ती चिडेल आणि बोलणं माहितीवरून भांडणावर जाईल. मी तिसरी निवडीन. पाळणाघराच्या ताईंना एकटीने भेटायचं, संध्याकाळी मुलं गेल्यावर. असं काहीसं म्हणता येईल:

‘ताई, मी तुम्हाला डास चावलाय म्हणून सांगितलं ते खरं नव्हतं. डॉक्टरांनी इम्पेटिगो सांगितला होता आणि दोन दिवस घरी ठेवायला सांगितलं होतं. मला रजा नव्हती, मी घाबरले आणि तिला पाठवलं. आता परत फोड आलेत, औषध नव्याने सुरू होतंय, डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी तिला आणणार नाही. सगळ्या पालकांना कुणाचं नाव न घेता कळवलंत तर बरं होईल.’

ताई रागावतील का? रागावू शकतात, तेवढा हक्क त्यांना आहे. पण मुलं सांभाळणाऱ्या बाईने असले फोड याआधी कितीदा तरी पाहिलेले असतात. ‘डास चावलाय’ वर त्यांनी विश्वास ठेवला होता की नाही, कोण जाणे. त्यांनी पालकांना सांगायचं ते साधं आहे: तोंडाभोवती, नाकाशी, हातापायांवर पिवळी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा, मुलांची नखं कापा, प्रत्येकाचा रुमाल वेगळा पाठवा. कुणाच्या मुलीपासून सुरू झालं ते सांगायची गरज नाही, आणि ताईंनी नाव घेऊ नये हे तुम्ही स्पष्ट मागू शकता.

एक गोष्ट विचारू का? तुमच्या दोन पानी पत्रात सासूबाई आहेत, जाऊबाई आहेत, ताई आहेत, दुसऱ्या मुलाची आई आहे. मुलीच्या बाबांचा उल्लेख एकदाही नाही. ते परगावी असतील, इतर काही कारण असेल, मला ठाऊक नाही. पण घरी असतील तर ‘रजा मिळणार नव्हती’ हे वाक्य दोन माणसांबद्दल असायला हवं. एक दिवस तुम्ही, एक दिवस त्यांनी. ते खोटं तुम्ही हौसेनं बोलला नाहीत, दोन दिवसांची रजा नसल्यामुळे बोललात. पुढच्या वेळी मूल आजारी पडेल, आणि पडेलच, तेव्हा ही वाटणी आधी ठरलेली असेल तर ‘डास’ शोधावा लागणार नाही.

मी हे कुठल्या उंच जागेवरून सांगत नाही. मी मुलांची डॉक्टर. माझ्या धाकट्याच्या नाकाखाली अशीच खपली होती, तेव्हा पाच दिवस मी तिला सर्दी समजत होते. सहाव्या दिवशी थोरल्याच्या कानामागे दिसली तेव्हा डोळे उघडले. दुसऱ्यांच्या मुलांत मला ती दारातून ओळखता येते.

घाबरण्यासारखं काय, ते थोडक्यात. फोडाभोवतीची लाली पसरत चालली, जागा गरम आणि दुखरी झाली, लाल रेघ वर चढताना दिसली, ताप आला, मूल मलूल झालं, तर त्याच दिवशी दाखवा. दुसरी गोष्ट उशिरा येते म्हणून सांगून ठेवते. स्ट्रेप्टोकॉकसमुळे झालेल्या त्वचेच्या संसर्गानंतर, क्वचित, तीन ते सहा आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. तोवर कातडी स्वच्छ झालेली असते आणि कुणाला आठवतही नाही. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, कमी झाली किंवा सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसली, तर लघवी तपासून घ्यायची आणि ‘महिन्याभरापूर्वी इम्पेटिगो झाला होता’ हे डॉक्टरांना सांगायचं. बहुतेक मुलं त्यातूनही पूर्ण बरी होतात.

डागांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. हा संसर्ग कातडीच्या अगदी वरच्या थरात असतो, त्यामुळे व्रण राहत नाही. काही आठवडे लालसर किंवा गडद, कधी फिकट डाग दिसेल, मग रंग जुळून येईल. उचकटून खोल गेलेली जखम मात्र खूण ठेवू शकते. पुन्हा, नखं.

शेवटी तुमच्या मुलीबद्दल, कारण पत्रात तिचं स्वतःचं एकच वाक्य आलंय, ‘मी बाळाला हात लावला तर बाळ घाण होतं का?’ हे तुम्ही कंसात लिहिलंत, जाता जाता. चार वर्षांच्या मुलीला संसर्ग कळत नाही, पण आपल्याला बघून माणसं मागे सरकताहेत हे कळतं. तिला सांगा, की तुझ्या गुडघ्यावर छोटे जंतू बसलेत, ते तू नाहीस. त्यांना घालवायचं काम तुझ्याकडे आहे. कागदावर पाच चौकोन आखा, रोजचं मलम झालं की तिने एक रंगवायचा. डॉक्टरांनी जास्त दिवस सांगितले तर तेवढे चौकोन. आणि ज्या दिवशी डॉक्टर हो म्हणतील, त्या दिवशी जाऊबाईंनाच विनंती करा, की तिला त्यांनी स्वतः हाक मारून बाळाजवळ बोलवावं. हात धुऊन, अर्थातच.